आपोआप सरळ होणारी पेटी

दादा गेल्याची बातमी मला तारेनं नाही, एसटीच्या कंडक्टरनं सांगितली. दुपारच्या सुट्टीत मी अमरावतीच्या आमच्या शाळेत वह्या तपासत बसले होते, तर शिपाई म्हणाला की अकोल्याच्या गाडीचा कंडक्टर फाटकात उभा आहे. तिकिटांची पेटी काखेत तशीच. हा माणूस पूर्वी दादाबरोबर जिनिंग फॅक्टरीत कामाला होता. "बाई, किसनदादा सकाळी गेले," तो म्हणाला. "तार येईनच. पण तार येतपर्यंत गाड्या निंघून जातीन, म्हणून म्या आलो." मी त्याला पहिला प्रश्न काय विचारावा, तर परतीच्या गाडीत जागा आहे का! जागा होती. मूर्तिजापूरला गाडी थांबली आणि खिडकीशी केळीवाली ओरडायला लागली, तेव्हा कुठे मला रडू आलं. तार दुसऱ्या दिवशी शाळेत पोचली, तोवर सगळं आटोपलं होतं.

त्याला आता सात आठवडे झाले. दादा माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. मी पाच वर्षांची असताना वडील गेले, त्यामुळे भाऊ आणि बाप ही दोन्ही कामं त्याच्याकडेच आली आणि दोन्ही त्यानं न बोलता केली. लढाईच्या काळात तो विमानदळात जमिनीवरचा मेकॅनिक होता. विमानं धुवायची, पुसायची, बोल्ट आवळायचे, आणि दुसरा कोणी उडवून नेताना खाली उभं राहून बघायचं. परत आला तो अकोल्याच्या एका जिनात फिटर म्हणून लागला. सरकीपासून रुई वेगळी करणाऱ्या यंत्राला आमच्याकडे रेचा म्हणतात. अख्ख्या रांगेतला कोणता रेचा दुखतोय हे दादा दारात उभं राहून नुसत्या आवाजावरून सांगत असे. झटका देणारं यंत्र त्याला सहनच व्हायचं नाही. माझं शिवणयंत्र जरा अडखळलं तरी तो जेवणावरून उठायचा.

धम्मदीक्षेच्या वर्षी आम्ही सगळे नागपूरला गेलो होतो. परतीच्या दिवशी गाडीला वेळ होता, म्हणून दादा मला विमानतळाच्या कुंपणाशी घेऊन गेला. एक पिवळं, एकावर एक दोन पंखांचं छोटं विमान उतरत होतं. मी बघतच राहिले. दादा विमानाकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. मग हळूच म्हणाला, "बसशीन काय व कुसुमे?" मी म्हटलं, "बसणार नाही, चालवणार." तेव्हा मी अमरावतीला कॉलेजात शिकत होते आणि जिभेला हाड नव्हतं. दादानं मात्र ते बोलणं खरं धरलं. नागपूरच्या क्लबात सवलतीत विमान शिकवायला दरसाल थोडी मुलं घेतात, सुरुवातीच्या काही उड्डाणांनंतर चाचणी होते, नापास झाल्यास आणखी एकदाच बसता येतं आणि मग दार कायमचं बंद, एवढी सगळी माहिती त्यानं दोन महिन्यांत गोळा केली. घरात दुसरंही एक दार होतं. हिवरखेडचे मामा माझ्यासाठी स्थळं बघत होते आणि क्लबात जमलं नाही तर मी निमूट बोहल्यावर चढायचं, असं माझ्या वतीनं मायनं कबूल करून टाकलं होतं.

हातात विमान नाही, मग हात बसणार कसा? दादानं लढाईत एक पेटी पाहिली होती. जमिनीवरच राहणारी, विमानासारखी कलणारी, वळणारी. नवशिकी पोरं तिच्यात बसून, वरून झाकण ओढून, नुसत्या काट्यांकडे बघत उडायला शिकायची. ती पेटी दुरुस्त करायचं काम दादाकडे असायचं, त्यामुळे तिचं पोट त्याला पाठ होतं. मधे एक सांधा, त्यावर माणूस बसेल एवढी लाकडी पेटी, खाली चार बाजूंना चार भाते. हातातला दांडा ज्या बाजूला ढकलाल त्याप्रमाणे भात्यांत हवा भरते, सुटते आणि पेटी कलते. ऐकायला सोपं आहे. उन्हाळ्यात जिन बंद असतं, तेव्हा मालकांनी रुईचं एक रिकामं गोदाम वापरायला दिलं आणि रोज सकाळी सहा ते नऊ, टिनं तापेपर्यंत, आम्ही दोघं तिथं विमान बनवू लागलो.

खरी मारामारी होती ती कुठला भाग कुठून घ्यायचा याची. पहिले भाते हार्मोनियमचे. मऊ, गुणी, आणि माझ्या वजनाखाली तिसऱ्या दिवशी फाटलेले. मग परतवाड्याहून लोहाराचे भाते आणले. ते दणकट होते, पण मी आत्ता दांडा हलवावा आणि पेटीनं सावकाश विचार करून मग हलावं! शेवटी जाड ताडपत्रीला आतून ट्रकच्या ट्यूबचं रबर चिकटवून दादानं स्वतः भाते शिवले. हवेसाठी आधी मायच्या पायाखाली शिवणयंत्राचं पायटं दिलं होतं. शेजारीण आली की मायचा पाय थांबायचा आणि माझं विमान खाली बसायचं. मग जिनाच्या भंगारातला मोठा ब्लोअर आला. मला वाटलं, आता काय, एवढी ताकद म्हटल्यावर पेटी पाण्यासारखी चालेल. ती हिसके द्यायला लागली. एका हिसक्यात माझी हनुवटी समोरच्या फळीवर आपटली, रक्त आलं, माय घाबरून रडली. दादा मात्र दोन दिवस पेटीसमोर उकिडवा बसून राहिला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "ताकद गजब हाय व, पण वाट अरुंद हाय. हवा दारातच गर्दी करून राहिली." मग त्यानं मोठा ब्लोअर काढून लहान बसवला आणि नळी दुप्पट रुंद घेतली. हवेच्या झडपा सागवानाच्या केल्या, त्यांच्यावर तेलाऐवजी शंखजिरं चोळलं. कल दाखवायला पाणसळ, एका मोटारीतून काढलेलं होकायंत्र आणि भिंतीवरचं घड्याळ, एवढे आमचे काटे.

आणि ती पेटी चालायला लागली... काय सांगू! दांडा बोटभर हलवला की बोटभरच कलायची. हिसका नाही, उशीर नाही. वळण संपवून दांडा मधे आणला की हळूच, अलगद सरळ व्हायची. वरून काळं कापड ओढून मी अंधारात बसायची, बाहेर दादा नकाशा घेऊन उभा. मी ओरडायची, "दादा, पूर्वेकडे, वीस मिनिटं!" तो पेन्सिलीनं रेघ ओढायचा. अकोल्याहून अमरावतीला मी अशी कितीदा तरी गेले. एकदा रिद्धपुरावरून पार पुढे निघून गेले, तेव्हा दादा बाहेरून म्हणाला, "उतर आता, नाईतं नागपूरले जेवाले जा." त्याला हसताना मी फार कमी पाहिलंय, त्यातलं निम्मं त्या गोदामात.

नागपूरला माझी चाचणी झाली. हात सुरेख आहे, असं शिकवणारे कॅप्टन पहिल्या काही दिवसांत दोनदा म्हणाले होते, पण तेव्हा दांड्यावर त्यांचाही हात असायचा. चाचणीच्या दिवशी त्यांनी डावीकडे वळायला सांगितलं. मी वळले, वळण संपलं, दांडा मधे आणला आणि विमान सरळ होण्याची वाट बघत बसले. ते झालं नाही. पंख कललेला तसाच, नाक हळूहळू खाली. मी अजून वाट बघतेय! बोलायच्या नळीतून कॅप्टनचा आवाज आला, "किसका इंतज़ार कर रही हो?" आणि त्यांनी दांडा स्वतःच्या हाती घेतला. उतरल्यावर एवढंच म्हणाले की विमान आपल्या आपण सरळ होत नसतं, ते करावं लागतं. मी नापास.

अकोल्याला येऊन मी हे सगळं सांगितलं तेव्हा दादा भाकरी खात होता. घास तसाच ठेवून उठला आणि गोदामाकडे चालायला लागला. मी मागोमाग. त्यानं पेटीच्या खालचं कापड वर केलं. भात्यांच्या मधल्या चार कोपऱ्यांत रेच्याच्या चार स्प्रिंगा बसवलेल्या होत्या. पेटी कितीही कलू दे, दांडा सोडला की त्या तिला ओढून सरळ करत होत्या. "म्या लावल्या," दादा म्हणाला. "तुह्या हनुवटीले लागलं ना, त्याच हप्त्यात. म्या म्हटलं, पोरीले पुन्हा लागू नाई." मला वाटत होतं तो माझा हात होता... तो दादाचा होता. मी त्या वेळी जे बोलले ते आज लिहितानाही लाज वाटते. म्हटलं, "तू मले उडाले नाई शिकवलं. पाळण्यात घालून झोके देल्ले. आता मामाले बोलाव अन् लगन लाव माहं." दादा पाना घेऊन खाली बसला आणि माझ्यासमोर एकेक स्प्रिंग काढली. मी दुसऱ्या दिवशी अमरावतीला निघून गेले आणि दिवाळीलाही घरी आले नाही.

मग पोस्टकार्डं यायला लागली. दादाचं लिहिणं दोन ओळींचं. "डावा भाता कडक केला. आता वळल्यावर पेटी तशीच राहते." पुढच्या महिन्यात, "नळीत फडका कोंबला. वारा आल्यासारखा झटका मारते." मग, "शंखजिरं पुसून काढलं." मी वाचायची आणि रागानं उशीखाली सारायची. पण चौथं की पाचवं कार्ड वाचताना लक्षात आलं, ज्या माणसाला शेजारच्या घरातलं अडखळणारं यंत्रसुद्धा ऐकवत नाही, तो माझ्यासाठी आपल्या हातचं सगळ्यात चांगलं यंत्र एकेक भाग निवडून बिघडवतोय. त्या शनिवारी मी अकोल्याची गाडी धरली. गोदामात गेले तर दादा पेटीत बसून स्वतःच हिसके खात होता, पुरेसे बसतात की नाही ते बघायला. मला पाहून म्हणाला, "आली? बस. लागन पण." मी माफी मागितली नाही. आमच्याकडे ती पद्धत नव्हती. मागायला हवी होती. मी बसले आणि मला खूप लागलं.

दुसऱ्या चाचणीत मी पास झाले. पुढं परवानाही मिळाला. मामा रागावले, मग पुढच्याच वर्षी परतवाड्याच्या बाजारात ओळखीपाळखीच्या सगळ्यांना भाची विमान चालवते म्हणून सांगत सुटले. एका थंडीत मी दादाला नागपूरला बोलावून विमानात घेतलं. इतकी वर्षं विमानं पुसली, पण तो आत बसून वर गेला नव्हता, हे मला त्या दिवशी कळलं. तो पुढं, मी मागं, दोघांसमोर एकमेकाला जोडलेले दांडे. तलावावरून डावीकडे वळण घेतलं, आणि सरळ करायच्या क्षणी माझ्या हातातला दांडा आपणहून किंचित उजवीकडे गेला. दादाचा हात होता. मी ओरडणार होते, मग म्हटलं, असू दे. एकदाच. खाली उतरल्यावर दादा विमानाभोवती एक फेरी मारून म्हणाला, "हे झटका मारते व. आपली पेटी याच्याऊन बरी होती." कॅप्टन पोट धरून हसले. मला हसता आलं नाही.

पुढं अमरावतीत शाळेची नोकरी लागली, उडणं कमी होत होत थांबलं. जिनाचं गोदाम पाडलं तेव्हा दादानं पेटी घरामागच्या टिनाखाली आणून ठेवली. मी येणार असले की वहिनीला न सांगता साफ करून ठेवायचा आणि मी बसले नाही तरी काही म्हणायचा नाही. गेली चार-पाच वर्षं मी बसलेच नव्हते. पाठ दुखते, साडी चुरगळते, काहीही.

परवा सामान आवरायला अकोल्याला गेले होते. सरूवहिनीला म्हटलं, ब्लोअर चालतो का बघू. तिनं पदरानं बटण दाबलं आणि चालला! एका आवाजात, कुठंही न अडखळता. मी चप्पल काढून आत बसले, वरून कापड ओढलं. दांडा डावीकडे नेला. पेटी कलली. दांडा मधे आणला आणि हात मांडीवर ठेवला. पेटी कललेलीच राहिली. बाहेर कोणी नकाशा घेऊन उभं नव्हतं. किती वेळ तशी बसले होते कोण जाणे, वहिनीनं बाहेरून हाक मारली, "कुसुमबाई, काय झालं व? बरी हायस ना?"

"हो वहिनी," मी म्हटलं, "सिधी करून राहिली." आणि दांडा उजवीकडे नेला.