जातीचा कोरा रकाना

सेंट अगाथा हायस्कुलात हेडक्लार्क आप्पा शिवगणांची तेहेतीस वर्षं झाली होती, निवृत्तीला दोन महिने उरले होते. जांभ्या चिऱ्यांची इमारत, रत्नागिरीबाहेरचा उघडा कातळसडा, सकाळची इंग्रजी प्रार्थना, मधल्या सुट्टीत वडापावच्या गाडीवरची झुंबड, सगळं त्यांना पाठ होतं. हल्ली कशाचाच उत्साह उरला नव्हता.

गुरुवारी दीपक गोरिवले आला. मागे त्याची मुलगी, आरोही.

"ओळखलंत का ओ आप्पा?"

"दहावीला दोनदा बसलास. इतरांपेक्षा वर्षभर जास्तच ओळखतो तुला. बोल."

आरोहीला नर्सिंगला राखीव जागा मिळाली होती. जात पडताळणी समितीने त्रुटी काढली होती: आजोबांचा, सदुसष्टच्या आधीचा शाळेचा पुरावा हवा. सोमवारपर्यंत तो दिला नाही तर जागा जाणार. आजोबा परशुराम याच शाळेत, इथल्याच बोर्डिंगात राहून शिकलेले.

आप्पांनी कपाटातून पहिलं जनरल रजिस्टर काढलं. पान ठिसूळ झालं होतं. सन १९६४, परशुराम गोरिवले, धर्म हिंदू. जातीचा रकाना कोरा. वरचा कोरा, खालचाही कोरा.

आप्पांना ते ठाऊकच होतं. बोर्डिंगात मंडणगडपासून राजापूरपर्यंतची मुलं एका पंक्तीत जेवत, एका विहिरीचं पाणी शेंदत, झावळीच्या दांड्याने हॉकी खेळत. शाळा काढणाऱ्या फादरांचा नियम होता: इथे कोणी कोणाची जात विचारायची नाही, आणि लिहायची तर नाहीच. पुढे शिक्षण खात्याने दटावलं, तोवर आठ वर्षं कोरी गेली होती. दर स्नेहसंमेलनात ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाई, टाळ्या पडत. आणि अधूनमधून कोणाचा तरी नातू या रकान्यापाशी येऊन हिरमुसून परत जाई.

दीपक पुढे वाकला. "एकच शब्द लिवायचा, आप्पा. खोटं थोडंच हाय? आमी कुणबीच ना."

"खोटं नाही. पण अक्षर माझं आणि साल चौसष्ट. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो."

"दोन महिन्यांनी तुमी घरी. कोण इचारतंय?"

"समितीचा माणूस येऊन हे पान बघतो. मग जागा तर जाईलच, वर बालंट येईल तुझ्या मुलीवर."

"बाबा, नको," आरोही म्हणाली. मग आप्पांकडे वळली. "आजोबा सांगायचे, फादरांनी आम्हाला माणसात आणलं. मग आम्हालाच का हो हा त्रास?"

नजर चुकवायला म्हणून आप्पा तीच ओळ पुढे वाचत गेले. 'पूर्वीची शाळा' या रकान्यात मंडणगड तालुक्यातल्या एका गावच्या शाळेचं नाव होतं. तिथे पहिलीत घालताना जात लिहिलीच असणार.

त्यांचा हात पानावरच राहिला. इतक्या वर्षांत हा रकाना त्यांनी कोणाला वाचूनही दाखवला नव्हता. मागितली ती नक्कल द्यायची, शिक्का मारायचा, पुढचा माणूस बोलवायचा.

तीन फोन करावे लागले. ती शाळा पटाअभावी बंद पडली होती, दप्तर केंद्रशाळेत गेलं होतं. तिथल्या वैदेहीबाई म्हणाल्या, "कुलूप काढून बघते, सर. भरवसा नाही. उंदीर आहेत."

तासाभराने त्यांचा फोन आला. "कडा कुरतडल्यात, पण ओळ शाबूत आहे. परशुराम, हिंदू कुणबी. उद्या माणूस पाठवा, नक्कल देते."

दीपक खुर्चीत बसला. आरोही पाया पडायला वाकली तसे आप्पा घाईने मागे सरले. "अगं, नको. उद्याची पहिली एसटी गाठा."

दोघं गेल्यावर आप्पांनी कपाटातून आजवर दिलेल्या नकलांची वही काढली. परत गेलेल्यांची नावं तीत होती, काहींपुढे फोन नंबरही. पहिला त्यांनी लावला.

"मनस्वी आहे का? शाळेतून बोलतोय. तिच्या आजोबांच्या दाखल्याचं..."

"आता काय उपयोग?" पलीकडे तिची आई होती. "शिक्षण सोडलंन तिनं. मुंबईत दुकानात लागली, चार वर्षं झाली."

आप्पांनी रजिस्टरात तिच्या आजोबांची ओळ काढली.

"धाकटा भाऊ आहे ना तिला?" त्यांनी विचारलं. "मग कागद-पेन घ्या. आजोबांच्या गावच्या शाळेचं नाव सांगतो."