रुमाल ठेवलेली खुर्ची

घरी चालत परतताना हलसूरचं तळं दिसू लागलं तरी सकवारबाईंच्या पदराचा तळणाचा वास काही जाईना, आणि अंजलीला मान वर करून बोलवेना.

इंदिरानगरच्या मंडळात दुपारी सिनेमा होता. आयर्लंडच्या एका गाजलेल्या कादंबरीकाराचा, आणि ज्यांनी त्याचं लिखाण निभावून नेलं त्या बायकांचा. मंडळाच्या फळ्यावर अंजलीनंच तसं लिहिलं होतं. सकवारबाई सगळ्यांच्या आधी येऊन पुढच्या रांगेत बसल्या. इंग्रजी येत नाही, म्हणून अंजली शेजारी बसून कानात मराठी सांगणार, असं ठरलं होतं.

सत्तरीच्या बाई. घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरातलं. यजमान मालोजीराव समाजासाठी नाटकं लिहायचे. चुलीपाशी बाई जे बोलायच्या, ते महिन्याभरात नाटकातल्या बाईच्या तोंडी यायचं आणि टाळ्या घ्यायचं. बाई तेव्हा पडद्यामागे नटांचा चहा गाळत असायच्या. समोर बसून त्यांनी एकही नाटक पाहिलं नाही. मालोजीराव गेले, तेही राहिलंच. लिहिणाऱ्याच्या घरची बाई पडद्यावर कशी दिसते, ते एकदा खुर्चीत बसून बघायचं होतं.

आणि नेमकं वड्यांचं पीठ सैल झालं. अंजलीच धावत आली.

"अक्का, पाच मिनिटं याल? तुमच्या हाताशिवाय काही खरं नाही."

खुर्चीवर रुमाल टाकून बाई उठल्या. पाच मिनिटं कसली! वडे, मग चहा, मग भांडी. अंजली मात्र परत येऊन आपल्या जागी बसली. शेजारचा रुमाल तिला दिसत होता. पण सिनेमा रंगात आला होता, ती काही उठली नाही. शेवटी अध्यक्षांनी माइकवरून त्या परदेशी बायकांच्या त्यागाचं तोंड भरून कौतुक केलं, आणि वड्यांचंही.

"चुकलं माझं, अक्का."

"परवागिल्ला गं, असू दे. तुझ्या अध्यक्षानं किती वडे चेपले, ते मी खिडकीतनं बघितलं की!"

"टोमणा मारा. हक्कच आहे तुमचा."

"टोमणा कुठला? ते राहू दे. सिनेमातल्या त्या लिहिणाऱ्याची बायको काय म्हणाली त्याला?"

अंजलीनं आठवून पाहिलं. त्याचा चष्मा आठवला, खोकला आठवला, एकट्यानं पुलावर उभं राहणं आठवलं. बायको दार उघडून आत यायची, बोलायची, पुष्कळ बोलायची. काय बोलायची? एक वाक्य आठवेल तर शपथ. तिची कानशिलं तापली. तळ्याकाठच्या देवळात दिवा लागला होता. हात जोडले, पण देवाकडेही बघवेना.

"माझं लक्ष त्याच्याकडेच होतं, अक्का."

सकवारबाई थांबल्या. रुमालानं मान पुसली.

"होतं तसं. नाटक संपलं की मी पण ह्यांनाच विचारायचे, जेवलात का म्हणून."

थोडं पुढं चालून त्यांनी अंजलीचा हात धरला.

"एक कर. परत लाव तो सिनेमा, तुझ्या घरी. वडेबिडे नकोत. माझ्या शेजारी बस आणि सांग. त्याचं नको गं. त्या बायका काय बोलतात, तेवढंच मला सांग."