पाचचा टोल

कोंडाजीला वाचता येत नव्हते. घड्याळ मात्र कळत होते, आणि शाळेच्या शिपायाला तेवढे पुरते. पिंपरी स्टेशनापासून पंधरा मिनिटांवर, पत्र्याच्या चार खोल्यांत आमचे हायस्कूल भरत असे. व्हरांड्यात रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. त्यावर हातोड्याने टोल देणे हे कोंडाजीचे मुख्य काम. माणूस मूळचा इथलाच. त्याचे वावर कारखान्याच्या कुंपणात गेले. वय झाले म्हणून कारखान्याने काही त्याला घेतला नाही, शाळेने घेतला. शाळेमागच्या खोलीत तो आणि त्याची बायको सुभद्राबाई राहत. मी सांगतो आहे ते १९५६ सालचे, तेव्हा त्याच्या नोकरीला पाच वर्षे झाली होती.

आमचे मुख्याध्यापक नानासाहेब. यांच्याविषयी मला आदराने लिहिता येणार नाही, तेव्हा तसा प्रयत्नही करत नाही. गृहस्थ अकरावीला इतिहास शिकवत, आणि त्यातला त्यांचा लाडका भाग म्हणजे युरोपातली राजेशाही. इंग्लंडचा पहिला चार्ल्स आला की त्यांचा आवाज चढायचा. राजा कायद्याच्या वर नाही, असे ते टेबलावर मूठ आपटून सांगत. फ्रान्सच्या चौदाव्या लुईची तर ते मनसोक्त टर उडवत. तो सकाळी उठून कपडे चढवी ते बघायला सरदार दरवाज्याशी ताटकळत, हे सांगताना नानासाहेबांना हसू आवरत नसे. शाळा सुटली की आम्ही सहा शिक्षक त्यांच्या खोलीबाहेर उभे राहत असू, कारण नानासाहेबांचा चहा झाल्याशिवाय कोणी घरी जायचे नाही असा नियम होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान ही म्हण ज्याने केली त्याने आमचे नानासाहेब पाहिले असावेत.

पण खरा नियम दुसराच होता. अकरावीचा शेवटचा तास त्यांचा, आणि त्या तासाचा टोल त्यांनी खिडकीतून बोट वर केले की द्यायचा. पाच वाजता पलीकडच्या कारखान्याचा भोंगा होई. पंचक्रोशीतल्या म्हशींनासुद्धा पाच वाजल्याचे कळे. आमच्या शाळेत मात्र पाच कधी वेळेवर वाजत, कधी सव्वापाचला, कधी साडेपाचला. ऑफिसच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत वेळापत्रक लावलेले होते. त्यात शेवटचा तास पाचला सुटतो असे स्वच्छ लिहिलेले होते आणि खाली नानासाहेबांची लफ्फेदार सही होती.

त्या बोटाकडे नजर लावून कोंडाजी रोज खिडकीशी स्टुलावर बसे. आत पोरे पेंगत आणि बाहेर कोंडाजी सगळा इतिहास ऐके. नानासाहेबांना पाच वर्षांत एकच खरा विद्यार्थी मिळाला, आणि त्यालाही त्यांनीच खिडकीशी बांधून ठेवले होते.

त्या वर्षी अकरावीत बिल्किस होती. देहूरोडला ट्रक दुरुस्त करणाऱ्या नूरमोहम्मदची मुलगी, वर्गात पहिली. पाच-वीसची गाडी चुकली की पुढची गाडी आठला. दिवाळीनंतर दोनदा तिची गाडी चुकली आणि ती रात्री घरी पोचली. तेव्हा नूरमोहम्मद कामावर खाडा करून शाळेत आला. नानासाहेबांनी त्याला स्त्रीशिक्षणाच्या महत्त्वावर वीस मिनिटे ऐकवले आणि टोलाविषयी एक अक्षर काढले नाही. बाहेर आल्यावर तो कोंडाजीसमोर मला म्हणाला, "मास्तरसाहेब, पोरीला मॅट्रिक करायचं आहे मला. पण ती अंधारात स्टेशनावर एकटी बसते. आणखी एकदा असं झालं तर मी तिला घरी बसवीन." तो बोलला ते करणारा माणूस होता. पोरगी पायरीवर उभी राहून ऐकत होती.

यावर आम्ही सहा शिक्षकांनी विचार केला. विचार करण्यात आमचा हात धरणारे कोणी नव्हते. नानासाहेबांना विनंतीअर्ज द्यायचा असे ठरले. पहिली सही कोणी करायची यात तीन दिवस गेले, आणि चौथ्या दिवशी तो अर्ज माझ्या सदऱ्याच्या खिशात धोब्याकडे गेला. बरे झाले, असेच सगळ्यांना वाटले. मलाही वाटले.

त्याच आठवड्यात कोंडाजीने मला व्हरांड्यात गाठले. "मास्तर, त्यो चार्ल्स राजा. त्यानं कागदावर सही केली व्हती ना?"

मला कोणी आपणहून काही विचारण्याची सवय नव्हती. मी खुलून सांगत सुटलो. सोळाशे अठ्ठावीस साली संसदेने हक्कांचा अर्ज पुढे केला, राजाने झक मारत तो मान्य केला, मग शब्द फिरवला आणि अकरा वर्षे संसदच भरवली नाही. शेवटी लढाई झाली आणि मान गमावून बसला. नातवंडांच्या पिढीत विल्यम आणि मेरी आले, त्यांना अटी आधी वाचून दाखवल्या आणि मग मुकुट दिला. फ्रान्सच्या लुईला असे विचारायची कोणाची छाती नव्हती, म्हणून तिथे हम करे सो कायदा.

"म्हंजी कागूद झाला की राजा बांधला," कोंडाजी म्हणाला.

"बांधलाच," मी म्हणालो.

त्याने ऑफिसातल्या चौकटीकडे बोट केले. खाली सही कोणाची आहे, आणि शेवटचा तास किती वाजता सुटतो असे लिहिले आहे, ते त्याने मला विचारून घेतले. मी सांगितले. तो मान हलवून पाणी भरायला गेला. त्याच्या मनात काय आहे ते मला पुरते कळले होते. कळले, आणि परस्पर होते आहे म्हणून मी मनातल्या मनात खूश झालो. एक गोष्ट सांगायची मी विसरलो. चार्ल्सपुढच्या त्या अर्जामागे संसद उभी होती आणि पुढे संसदेमागे फौज. कोंडाजीच्या मागे आम्ही सहा जण होतो.

सोमवारी पाचचा भोंगा झाला आणि कोंडाजीने बोटाची वाट न पाहता टोल दिला. आत नानासाहेब चार्ल्सचा खटला रंगवत होते. राजालाही जाब विचारता येतो, इथपर्यंत आले होते. पोरे सवयीने उठली, बाकांचा खडखडाट झाला. बिल्किस पुस्तके छातीशी धरून कोंडाजीच्या अंगावरून पळत गेली. तिला गाडी मिळाली.

नानासाहेब बाहेर आले. आम्ही सहाही जण तिथे होतो, चहाची वाट पाहत. टोल कोणाला विचारून दिलास, असे त्यांनी विचारले. कोंडाजीने चौकट भिंतीवरून उतरवून दोन्ही हातांत धरली.

"सायेब, ह्यात पाच लिवल्यात. खाली तुमचीच सही हाय."

"सही माझी आहे," नानासाहेब शांतपणे म्हणाले, "म्हणूनच पाच केव्हा वाजतात ते मी ठरवतो."

कोंडाजीने माझ्याकडे पाहिले. रागाने नव्हे. उत्तर नक्की येत असलेल्या पोराकडे मास्तर पाहतो, तसे पाहिले. मला उत्तर येत होते. मी बोटांचा खडू झाडत राहिलो. नानासाहेबांनी आम्हा सगळ्यांना विचारले, या माणसाने उद्धटपणा केला की नाही? कोणीतरी हो म्हणाले. ते मी नव्हतो, पण म्हणून काही मला मोठेपणा घ्यायचा नाही, कारण नाहीही मी म्हणालो नाही.

कोंडाजीला कामावरून काढले आणि आठ दिवसांत खोली खाली करायला सांगितले. शाळा समितीची सही होऊन आली. समितीचे अध्यक्ष नानासाहेबांचे मेहुणे, तेव्हा तिला वेळ लागला नाही. निघायच्या दिवशी सकाळी सुभद्राबाईंनी नेहमीप्रमाणे व्हरांडा झाडला, कारण दुसरे कोणी झाडणार नव्हते, आणि मग दोघे गाठोडी घेऊन गेले.

नवा शिपाई मिळेना. नानासाहेबांनी हातोडा माझ्याकडे दिला. तुम्ही विश्वासू आहात, असे म्हणाले. मला त्या शब्दाचा त्या दिवशी थोडा अभिमानही वाटला, हे लिहिताना आज लाज वाटते.

पहिल्याच दिवशी पाचचा भोंगा झाला. मी स्टुलावर बसून बोटाकडे बघत होतो. आत सोळाशे एकोणनव्वदची हक्कांची सनद चालली होती. बिल्किसने बाकावरून माझ्याकडे पाहिले. हातोडा माझ्या मांडीवर होता. स्टेशनाकडून गाडीची शिटी आली तेव्हा तिने मान खाली घातली आणि लिहू लागली. बोट पाच-पंचवीसला वर झाले, मी टोल दिला. टोल चांगला खणखणीत वाजला.

दुसऱ्या दिवशी नूरमोहम्मद आला. भांडला नाही. नाव काढा, एवढेच म्हणाला. वर्गशिक्षक मीच, तेव्हा हजेरीपटात तिच्या नावावर लाल रेघ मीच मारली. नानासाहेब उसासा टाकून म्हणाले, आईबापांनाच शिक्षणाची कळकळ नाही, आपण तरी काय करणार.

उन्हाळ्यात कोंडाजी मला पिंपरी स्टेशनावर भेटला. देहूरोडला कुठल्याशा गोदामावर राखणीला होता. अंगाने वाळला होता. तक्रार काही केली नाही. नानासाहेबांची तब्येत विचारली, आणि मग म्हणाला, "मास्तर, टोल कोण देतं आता?"

"मी," मी म्हणालो.

"पाचला?"

तेवढ्यात समोर गाडी येऊन थांबली. माझी गाडी आली, असे सांगून मी घाईने डब्यात चढलो. ती उलट दिशेला जाणारी होती.