वाळूचं पोतं

लेथवर काम करणाऱ्या त्या माणसाला सगळे ‘मिलिमीटर’ म्हणत. केसाएवढा फरक राहिला तरी त्याच्या घशाखाली घास उतरत नसे. अशा माणसाने एक दांडगी, जुनी क्रूझर मोटरसायकल घेतली, तीही बायकोच्या हट्टापायी. घाटापलीकडे राहणाऱ्या बहिणीकडे तिला एकदा वारा खात, नवऱ्याच्या मागे बसून जायचं होतं.

क्रूझर पळायची बेफाम, पण सरळ रस्त्यावर. वळण आलं की तिचं नखरे करणं सुरू. म्हणून त्याने पाय ठेवायचे दांडे मागे घेतले, हँडल बदललं, पुढे काच बसवली, बाजूला बॅगा लावल्या. मागचे स्प्रिंग बसणाऱ्याच्या वजनाप्रमाणे आवळायचे असतात, म्हणून बायकोच्या वजनाइतकी वाळू पोत्यात भरून, ते मागच्या सीटवर बांधून स्वारी सुट्टीच्या दिवशी घाटात चाचणीला जायची.

“कधी निघायचं?” बायको विचारायची.

“थोडं राहिलंय गं. वळणावर मागून जरा डुलते.”

“माझ्या सवतीनं सगळा घाट पाहिला की!” पोत्याकडे बोट दाखवत ती हसायची.

मग ती आजारी पडली. इस्पितळातून परतली तेव्हा अंगावर कपडे लोंबत होते. बाकी कुणी देव पाण्यात ठेवले असते, याने पोत्यातली वाळू कमी केली आणि स्प्रिंग सैल केले. ती आणखी वाळली, त्याने आणखी वाळू काढली. पुन्हा काढायला बसला, तेव्हा ती भिंतीला धरून दारात उभी होती.

“अहो, पुरे आता. खड्ड्यात गेले ते स्प्रिंग. उद्या निघू या.”

“परवा. एवढं एकदा जुळू दे.”

परवा तिला अंथरुणातून उठवेना. त्यानंतर ती उठलीच नाही.

बऱ्याच दिवसांनी तो एकटाच घाटातून निघाला, स्प्रिंगला हात न लावता, पोतं न बांधता. वळणावर गाडी मागून डुलली. इतकीशी डुलली की दुसऱ्या कुणाला कळलीही नसती. तो रस्ताभर रडत होता.

मेव्हणी दारात आली. तिने नकळत मागच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरले.

“भाऊजी, ताईला झेपला असता का हो एवढा प्रवास?”

तो पायरीवर बसला.

“सहज झेपला असता. गाडी पहिल्याच महिन्यात तयार होती गं.”