आबांच्या बागेतली तितरं

तितरानं साद घातली की आबा हातातला हातोडा जिथल्या तिथे टाकायचे. गाडीचा मालक समोर असो नाहीतर आमचा मॅनेजर, आबा दोन बोटं तोंडात घालून हुबेहूब तशीच साद परत देणार. पलीकडच्या खजुराच्या बागेतून उत्तर आलं की आमच्याकडे असे बघणार, जणू पोराचा पहिला नंबर आलाय!

सत्त्याहत्तर साली मी पुण्याहून आखातातल्या तुबली गावच्या एका गॅरेजात स्टोअरकीपर म्हणून गेलो, तेव्हा देवगडचे आबा तिथे गाड्यांचे पोचे काढायचे. बागेचा म्हातारा मालक हाजी त्यांना कोपऱ्यात अळू-भोपळा लावू द्यायचा. बदल्यात आबा दर शुक्रवारी बाग झाडायचे. झाडायचे म्हणजे काय, गावाकडे पेरणीआधी शेत भाजतात त्या भाजावळीसारखी एकूण एक सुकी झावळी ओढून जाळायचे. बाग कशी खळ्यासारखी लख्ख हवी, म्हणायचे. हाजी तर येईल-जाईल त्याला ती बाग दाखवायचा.

आणि तितरं कमी व्हायला लागली. सात जोड्या होत्या, त्या दोनवर आल्या. आबांचा व्हिसा पुढच्या मे महिन्यात संपणार होता आणि बाग मुकी सोडून गावी जायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. झाला तपास सुरू! आधी आळ मांजरांवर. दोन शुक्रवार आम्ही काठ्या घेऊन मांजरं हाकलली. एकीनं मलाच ओरबाडलं. मग विहिरीचं पाणी खारं झालं म्हणून जागोजागी गोड्या पाण्याच्या ताटल्या मांडल्या. मग जाळी लावणारे, मग खाडीत भराव टाकणारे ट्रक. प्रत्येक नव्या संशयासरशी आबांना हुरूप यायचा आणि माझी सुट्टीची झोप जायची. तितरं मात्र काही वाढेनात.

एका शुक्रवारी झावळ्यांचा ढीग रचून आबांनी काडी ओढली, तेवढ्यात वरून ससाणा झेपावला. एक मादी उघड्यावर सैरावैरा धावली. अख्ख्या बागेत लपायला पाचोळा म्हणून नव्हता. ती थेट त्या ढिगात घुसली. काडी बोटापर्यंत जळत आली तरी आबांना पत्ता नव्हता.

"गुन्हेगार गावलो रे," ते म्हणाले. "मीच तो. त्येंचा घर दर शुक्रवारी मीच जाळलंय."

मी आपला समजूत घालत बसलो, की अहो मांजरं आहेत, पाणी आहे, ट्रक आहेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "आसतीत. पण ता काय माझ्या हातात नाय. काडेपेटी माझ्या हातात आसा."

त्या दिवसापासून झाडणं खलास. उलट ओढलेल्या झावळ्या आबांनी पुन्हा झाडांखाली पसरल्या. हाजी भडकला, बागेचा उकिरडा केलास, उद्यापासून अळू बंद म्हणाला. आबांनी अळू स्वतःच उपटून त्याच्या हातात ठेवलं आणि झावळ्या तेवढ्या राहू दे म्हणून विनवलं. म्हातारा वरमला. मेपर्यंत बघू, इंशाल्ला, म्हणाला.

मे आला. पिकअपमध्ये सामान चढलं, आबा नव्या शर्टात पुढे बसले, आणि मी गाडी काढणार तोच हाजी धापा टाकत आडवा आला. त्यानं आबांना हाताला धरून खाली ओढलं. विमान चुकेल, विमान चुकेल करत मीही मागे धावलो आणि कुंपणाशी थबकलो. झावळ्यांखालून मादी बाहेर आली होती, आणि मागे पिल्लं. दोन, पाच, आठ! काय सांगू, मी पुण्याचा असूनही नाचलो.

आबा कुंपणाबाहेरच हात जोडून उभे होते. हसत होते आणि डोळ्यांना धार लागली होती.

"माफ केल्यानी रे माका," ते म्हणाले.