थांबायला नकार देणारी येमिमा

एलातच्या एका हॉटेलच्या धुलाईखान्यात येमिमा चादरींना इस्त्री करायची. मुंबईत असताना ती ऐंशी मीटरची अडथळ्यांची शर्यत धावत असे आणि दोनदा पहिलीही आली होती. इस्रायलमध्ये आल्यावर कामगार कचेरीतल्या माणसानं ‘खेळाडू’ हा शब्द फॉर्मवर लिहून घेतला, आदरानं मान डोलावली आणि तिला इस्त्रीवर पाठवलं.

१९६३ साली कामगार क्लबाच्या सांस्कृतिक समितीला स्त्रियांचा खेळाडूपणा आठवला. समितीत सहा पुरुष होते, त्यामुळे विषय जिव्हाळ्याचा होता. पिन्हासनं नाटक लिहिलं. हा मूळचा पुण्याचा, बंदरावर कारकून. धावण्याशी त्याचा संबंध उत्तरेकडची बस सुटताना यायचा, आणि तेव्हाही तो आधीच खिडकीशी बसलेला असायचा. नाटक नुसतं खुर्च्यांवर बसून वाचायचं होतं. प्रशिक्षक, नवरदेव, वडील अशी भारदस्त कामं पुरुषांनी घेतली. नायिकेला वाक्यं थोडी होती. ती बहुतेक वेळ धावतच होती. ते धावणं रंगसूचनांमध्ये होतं आणि त्या सूचना वाचायला कुणी तयार नव्हतं, म्हणून येमिमाला बोलावलं. तिचं हिब्रू मराठी वळणाचं आहे, पण सूचनांना चालेल, असं समितीचं मत पडलं.

वाचनाच्या संध्याकाळी क्लब भरला होता. शेवटची शर्यत आली. येमिमा वाचू लागली : ती धावते, पहिला अडथळा, दुसरा, सातवा. पुढं लिहिलं होतं की आठव्याशी, म्हणजे शेवटच्या अडथळ्याशी, नायिकेला प्रेक्षकांत नवरदेव दिसतो आणि ती थांबते. येमिमानं ती ओळ मनात दोनदा वाचली. मग कागद खाली ठेवून ती म्हणाली, “थांबत नाही. उडी मारते. पहिली येते.”

प्रशिक्षकानं आपल्या कागदावरचं इमानानं वाचलं : “मुली, का गं थांबलीस?”

क्लब हसून लोटपोट झाला. धुलाईखान्यातल्या बायका टाळ्या थांबवेनात.

पिन्हासनं तिला चहाच्या टेबलाशी गाठलं. “येमिमाबाई, नाटकाचा आत्माच मारलात.”

“आत्म्याचं मला ठाऊक नाही,” ती म्हणाली. “पण त्या स्पीडमध्ये बाई थांबली तर तोंडावर आपटते. मी आपटलेय.”

 तेवढ्यात मित्स्पे रामोन या वाळवंटातल्या गावाहून आलेल्या पाहुण्यांनी असा धाडसी शेवट कुठं पाहिला नाही म्हणत आपल्याकडे वाचनाचं आमंत्रण दिलं. मित्स्पे रामोनला पोचेपर्यंत बसमध्ये पिन्हासला स्पष्ट आठवलं, की तो शेवट त्याला पहिल्यापासूनच सुचला होता. पत्रकावर लेखक म्हणून त्याचं नाव ठळक होतं. खाली बारीक अक्षरांत ‘साहाय्य : येमिमा’.

तिथं एका बाईनं लेखकाला विचारलं की अडथळ्यावरून जाताना आधी कुठला पाय टाकायचा. लेखकानं प्रतीकाबद्दल बरंच सांगितलं. बाईनं प्रश्न पुन्हा विचारला. तेव्हा अडतीस वर्षांची येमिमा उठली, साडी खोचली, वाटेत एक बुटकं बाक ओढलं आणि धावत येऊन ते पार केलं. उतरल्यावर तिला धाप लागली होती आणि भलतंच हसू येत होतं. मग आणखी चार बायकांनी बाक ओलांडून पाहिलं.

पुढच्या वर्षी पिन्हास नवं हस्तलिखित घेऊन स्वतः धुलाईखान्यात आला. नायिका पोहणारी होती. येमिमानं सांगितलं की तिला पोहता येत नाही. पिन्हास म्हणाला, मलाही येत नाही.

तिनं इस्त्री उभी केली, हस्तलिखिताचं शेवटचं पान उघडलं आणि त्याच्या खिशातली पेन्सिल मागून घेतली.