ॲसिडात पाणी

खिशातून लिटमससारख्या कागदी पट्टीची गुंडाळी काढायची, बोटभर तुकडा फाडायचा, समोर जे ओलं दिसेल त्यात बुडवायचा आणि उन्हात धरून एक डोळा बारीक करायचा. आपण केलेल्या नमस्काराला अण्णांचं उत्तर त्यानंतर मिळे. पट्टी लाल झाली की पदार्थ आम्लाचा, निळी झाली की क्षाराचा. जळकोटला द्राक्षबाग असलेला माणूस फवारणीच्या पाण्याला पट्टी लावतोच. अण्णा ती चहाला लावत, ताकाला लावत, विड्याच्या चुन्यालाही लावत.

कुणी टोमणा मारला तर चिडत नसत. "ध्यानात ठिवतो," एवढंच म्हणत. असा माणूस तुमच्याही गावात असेल. असला, तर त्याच्या व्याह्यासमोर विनोद करू नका.

मी केला. अण्णांच्या पोरीच्या साखरपुड्यात त्यांनी पंगतीतल्या मठ्ठ्याला पट्टी लावली. मी व्याह्यांना म्हणालो, मठ्ठ्याचं मनावर घेऊ नका, अण्णा जावयालासुद्धा बुडवून बघणार आहेत. पंगत हसली, व्याही तर ठसका लागेपर्यंत हसले. अण्णांनी बोटं चाटली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "ध्यानात ठिवतो, बीएस्सी."

बीएस्सी होऊन मी टाकलेलं शेती औषधांचं दुकान हायवेला लागून आहे. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार फार, ठिबकच्या नळ्या तुंबतात. त्या साफ करायला छाटणीच्या आधी सगळे बागायतदार ॲसिडचे कॅन नेतात. माझं निम्मं दुकान त्यावर चालतं. त्या वर्षी अण्णा बरोबर गर्दीच्या वेळी आले. कॅनच्या टोपणात थोडं ॲसिड घेतलं, पट्टी बुडवली, घरून आणलेली गेल्या वर्षीच्या ॲसिडची पट्टी शेजारी धरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "लाली कमी हाय. पाणी घातलंय ह्यात."

झालं. दोघांनी उचललेले कॅन खाली ठेवले.

मला आनंदच झाला म्हणा ना. कारण इथं अण्णा चुकले होते, आणि मला ते सिद्ध करता येणार होतं. त्या पट्टीच्या रंगावरून वाचतात तो पीएचचा आकडा फार आळशी असतो. असं तेज ॲसिड पाणी घालून दहापट पातळ केलं, तर तो जेमतेम एकानं वर सरकतो. नुसतं दुप्पट केलं, तर कागदाला पत्ताही लागत नाही. लालीवरून पाणी ओळखणं पट्टीच्या बापाला जमणार नव्हतं. आठवडाभर मी सुडाची तालीम केली. आरशासमोर.

बाजाराच्या दिवशी दुकानापुढं टेबल मांडलं. दोन बरण्या ठेवल्या. तेज ॲसिडला धूर येतो, त्यावरून अण्णा ओळखतील, म्हणून हुशारी करून आधी दोन्हींत भरपूर पाणी घेऊन त्यात ॲसिड ओतलं. मग एकीतलं मिश्रण आणखी पाणी घालून दुप्पट पातळ केलं. जास्तीचं काढून दोन्ही बरण्या सारख्या भरल्या, अण्णांना कळू नये म्हणून टेबलाखाली नेऊन अदलाबदल केली, पुन्हा केली, आणि त्यांना बोलावलं.

अण्णांनी दोन पट्ट्या बुडवल्या. दोन्ही सारख्याच लालभडक. बराच वेळ बघून त्यांनी कबूल केलं, "न्हाय ओळखू येत."

मी गर्दीकडे वळलो. आरशासमोर पाठ केलेलं वाक्य ओठांवर होतं. तेवढ्यात अण्णांनी शांतपणे विचारलं, "मग जास्त पाणी कुठल्यात हाय, बीएस्सी?"

मी बरण्यांकडे बघितलं. अदलाबदल इतकी चोख केली होती की मलाही सांगता येईना.

गर्दीतून एकजण म्हणाला, "म्हंजी पाणी घातलेलं कुणालाच कळत न्हाय की." दुसरा म्हणाला, आणि दोन्हीत घातलं ते ह्यानंच, आपल्या डोळ्यांदेखत. माझ्या दुकानातल्या ॲसिडवर माझ्या खर्चानं, बाजाराच्या दिवशी, माझ्याच हातानं पाणी पडलं. त्यानंतर लोक लोहाऱ्याहून कॅन आणू लागले. छाटणी तोंडावर आली तरी माझ्याकडचा ढीग हलेना.

अशात एका सकाळी अण्णा आले. दुकानासमोरच्या बसस्टँडवर माणसं उभी होती, ती ऐकतील अशा आवाजात म्हणाले, "चार कॅन काढ. पाणी घातलेलं दे न्हायतर बिनपाण्याचं दे, तुला तरी कुठं कळतंय?" आणि कॅन टमटममध्ये उभे लावून, सगळ्या गावातून मिरवत नेले. अण्णा नेतात म्हटल्यावर चार दिवसांत बाकीचे आले. ढीग संपला.

शिव्या दिल्या असत्या तर परत देता आल्या असत्या. ह्या माणसानं माझ्यावर उपकार केला. याच्याएवढा कडक सूड माझ्यावर कुणी उगवलेला नाही. पुढं दर छाटणीला ते येत, चारचौघांत माझी अब्रू काढत आणि चार कॅन नेत. मी दर वर्षी नवं उत्तर तयार ठेवी, आणि ऐन वेळी नुसते कॅन मोजून देई. यंदाचं उत्तर मात्र जमलं होतं. दुकानातल्या पोत्यांना तीनदा ऐकवून बघितलं होतं.

श्रावणात अण्णा गेले. मी दहाव्याला बसलो होतो तेव्हाही ते उत्तर तोंडात होतं. भांडणातून अण्णांनी असं अर्ध्यात उठून जाणं मला अजून पटलेलं नाही. मी माफ केलेलं नाही.

परवा त्यांची सून आली. डोक्यावरचा पदर सारखा करत काउंटरपाशी उभी राहिली. किती कॅन काढू, मी विचारलं. म्हणाली, "मामंजींनी सांगून ठिवलंय, ॲसिड ह्याच दुकानातनं आणायचं, पण भांडल्याबिगर आणायचं न्हाय. मला तर भांडता येत न्हाय. तुम्हीच सुरू करा."